पाचचा दिवा

तिबाग, १४ जुलै

मानोय डेल्फिन,

तू डोंगरावर परत आलास हे मला मासळीबाजारात कळलं. सहा वर्षांनी सख्खा थोरला भाऊ बेटावर येतो आणि बहिणीला ते कोळीण सांगते, तेही मासे तोलता तोलता. "नवा रडार आला म्हणे वर, आणि तुझा भाऊही. जूनपासून आहे." मी म्हटलं, हो, माहीत आहे. आणि मासे न घेताच घरी आले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुझा नंबर माझ्याकडे नाही आणि मागणारही नाही, कारण फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडायला लागू. कागदावर निदान मला मध्येच कोणी तोडत नाही. कार्पियो पाण्याचे कॅन घेऊन वर येतो, त्याच्या हाती देतेय.

काम असं आहे. माझ्या घरात एक यंत्र बिघडलंय, आणि लहरींमधलं कळणारा दुसरा माणूस या बेटावर माझ्या ओळखीचा नाही. असता तर त्यालाच विचारलं असतं.

मी आता शाळेत शिकवत नाही. परदेशातले डॉक्टर रुग्ण तपासून जे बोलून ठेवतात ते घरी बसून टाइप करते. लोकांच्या आजारपणाच्या गोष्टी त्या, म्हणून कंपनीची अट आहे: घरच्या लाइनवर फायरवॉल हवी. जुना राउटर काढून फायरवॉलवाला बसवून घेतला. बिस्किटाच्या डब्याएवढा काळा डबा. बाहेरची तार आधी याच्यात येते, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं हे तो ठरवतो, आणि घरातलं वायफायही तोच देतो. समोर दोन हिरवे दिवे आहेत. एकाखाली २ लिहिलंय, दुसऱ्याखाली ५. दोन वेगळे लहरपट्टे. दोनवर शेजारच्या दुकानातल्या नाणं टाकून चालणाऱ्या वायफायचा इतका गोंगाट असतो की काम होत नाही. पाचवर निवांत, वेगही चांगला.

पहिल्या दिवशी फोन जोडला जायचा, पण काही म्हणून उघडायचं नाही. मी तारा उपसल्या, डबा दहादा बंद-चालू केला. मग कळलं की नव्या फायरवॉलला वायफायच्या बाजूने येणारा प्रत्येकजण परकाच असतो. आपण नियम लिहून दिल्याशिवाय ती कोणालाही पुढे सोडत नाही. डबा बिघडलेला नव्हता. आम्ही घरातली माणसं आहोत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नियम लिहिला, सगळं सुरू झालं. नानाय म्हणाली, "एवढंच? आईला विचारायचंस, मी ओळख करून दिली असती."

आठवडाभर छान चाललं. मग पाचचा दिवा जायला लागला. चांगला हिरवा जळत असतो आणि फट्कन विझतो. बराच वेळ मेल्यासारखा पडून राहतो, मग आपणच लागतो, पुन्हा विझतो. तारेने जोडलं तर सगळं नीट चालतं, म्हणजे लाइनला दोष नाही. पत्र्याच्या छपराला दोष दिला, डबा खिडकीशी नेला. मायक्रोवेव्हला दोष दिला, तो आठवडाभर बंद ठेवला. नानायचा संशय शेजारच्या कोंबड्यावर आहे. कंपनीने दोनदा समज दिली आहे आणि तिसऱ्यांदा समज देत नाहीत.

तेव्हा सांग, काय करू.

नानाय बरी आहे. गुडघा दुखतो. तुझं नाव घेत नाही, ते तुला माहीतच आहे.

झेनी


तिबाग, २९ जुलै

मानोय,

तुझं उत्तर मिळालं. पावसाच्या जुन्या तक्त्याच्या मागच्या बाजूला तीन प्रश्न. वर नाव नाही, खाली सही नाही, 'कशा आहात' नाही. कार्पियो म्हणाला, "बराच वेळ लिहीत बसला होता." मी कागद उलटसुलट करून पाहिला. बाकीचं काय केलंस, खाल्लंस?

असो. उत्तरं घे.

पाचच्या पट्ट्यावर कोणता चॅनेल लावलाय? एकशेवीस. बसवणाऱ्यानेच कायमचा करून ठेवलाय. म्हणाला, तिथे कोणी नसतं, मोकळं रान आहे.

हळूहळू क्षीण होतो की एकदम जातो? एकदम. बोलता बोलता कोणी दारात आलं की माणूस गप्प होतो ना, तसा.

त्या वेळी डबा स्वतः काय नोंद करतो? इथेच मी आजवर पाहिलं नव्हतं. मला फक्त फायरवॉलच्या नोंदी पाहता येत होत्या, आणि खरं सांगू, त्या मी दोन दिवस पाहतच बसले. मला वाटायचं, या तिबागमधलं आपलं घर कोणाला ठाऊक असणार? कार्पियोला आणि पाद्रीला. पण त्या पडद्यावर ओळी धबधब्यासारख्या खाली येतात, आणि प्रत्येक ओळ म्हणजे जगात कुठूनतरी कोणीतरी आपलं दार ढकलून पाहतंय. ज्यांची नावं मी भूगोलात शिकवली, पण जी शहरं कधी पाहिली नाहीत, तिथून. थांबतच नाही. आणि डबा प्रत्येकाला नाही म्हणतो. नानाय तेव्हा आत तांदूळ निवडत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिला काय पत्ता, की आपल्या दारावर असा पाऊस पडतोय.

तुझ्या सांगण्यावरून वायफायच्या नोंदी वेगळ्या काढल्या. दिवा विझतो त्या प्रत्येक वेळी तीच एक ओळ आहे: रडार ऐकू आला, चॅनेल सोडतोय, गप्प राहतोय.

मी पानंच्या पानं मागे गेले. आधीच्या आठवड्यात ती ओळ एकदाही नाही. मग एका सकाळी पहिल्यांदा, आणि तिथून रोज.

मानोय, हा रडार तुझा तर नव्हे?

झेनी


तिबाग, १२ ऑगस्ट

मानोय,

या वेळी तू दोन पानं लिहिलीस, आणि त्यातलं पहिलं वाक्य होतं: "तो मी आहे."

मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं. तू लिहिलंस की त्या पट्ट्यातला काही भाग हवामानाच्या रडारचा असतो. ज्या डब्यांना तिथे बोलायचं असेल त्यांनी बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं, रडार ऐकू आला तर तोंडातला शब्द तिथेच टाकून गप्प व्हायचं, आणि बराच वेळ गप्पच राहायचं, असं त्यांना घडवतानाच शिकवलेलं असतं. म्हणजे माझा डबा बिघडलेला नाहीच. शेजारी कुठे मोकळं बोलणारं वायफाय आणि कुठे हे. एवढा शहाणा प्राणी घरात असून मी त्याला शिव्या देत होते.

दुसरी गोष्ट अशी की, रडार दिवसभरात जेवढा वेळ ओरडतो त्याच्या हजारपट वेळ तो ऐकत बसतो. एक हाक मारायची आणि थांबायचं. ती हाक समुद्रावर जाते, पावसाच्या थेंबांना लागते, आणि जे काही परत येतं ते इतकं थोडं असतं की जवळ कोणी कुजबुजलं तरी हरवतं. मी समजत होते, रडार म्हणजे काहीतरी मोठा आवाज करणारं. ते तर सगळं ऐकण्याचंच काम.

आणि तिसरी. ती मी नानायला सांगावी की नाही, यावर दोन दिवस घालवले. तू लिहिलंस की नवा रडार सुरू झाला तेव्हा पहिल्या सकाळी तुझ्या पडद्यावर आभाळ स्वच्छ असताना पावसाची एक बारीक खोटी रेघ उमटली. मधोमध तुझा डोंगर, आणि तिथून निघून सरळ एका दिशेने गेलेली. तू नकाशा लावून पाहिलंस तर ती तिबागवरून जात होती. तुला वाटलं, आपल्या मनाचा खेळ आहे, आणि तू कोणाला बोलला नाहीस. ती रेघ म्हणजे माझ्या डब्याची बडबड. मग त्याला तुझी हाक ऐकू आली, तो गप्प झाला, आणि रेघ पुसली गेली.

तुझ्या पडद्यावर आपलं घर दिसलं, मानोय.

शेवटी नानायला सांगितलं. ती गबीची, अळवाची पानं वाळत घालत होती. तुझं नाव न घेता सांगायचं म्हणजे कसरतच. "वरच्या रडारमुळे दिवा जातो," म्हटलं. ती डब्याजवळ आली, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"एवढ्या लांबून याला ऐकू येतं?"

"येतं."

"मध्ये भिंत आहे. डोंगराची एक अख्खी सोंड आहे."

"त्यातूनही थोडं येतं."

"माझ्या अंगातून?"

"हो, नानाय. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या."

तिने छातीवर हात ठेवला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "म्हणजे जूनपासून रोज माझ्या अंगातून ये-जा करतोय, आणि एकदा थांबून जेवून गेला नाही."

मग पानं वाळत घालायला गेली.

तू सांगितलेला उपाय सोपा आहे. चॅनेल बदलून छत्तीसवर न्यायचा, तिथे रडारचा हक्क नाही. मी संध्याकाळी बसले तो बदलायला. नानाय मागे येऊन उभी राहिली. "काय करतेस?" सांगितलं. ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, अगं, माझी नोकरी जाईल. "तुला तार आहे ना? तारेने कर. फोन दोनवर चालव. हा राहू दे आहे तसा."

म्हणून पाचचा दिवा आहे तिथेच आहे, एकशेवीसवर. आता त्यावर कोणीच काही चालवत नाही. मी खिडकीतून लांब तार ओढून टेबलाशी आणली आहे, तिला अडखळून रोज एकदा तरी पडते. नानायने आपली वेताची खुर्ची डब्यासमोर आणली. दिवा लागतो, ती पाहत बसते. दिवा विझला की म्हणते, "कामावर आहे." मग उठून आपल्या कामाला लागते.

झेनी


तिबाग, २० सप्टेंबर

मानोय,

हे पत्र लिहायला वेळ लागला. तुझं पत्र तीन आठवडे माझ्या उशाशी होतं.

मी तुला विचारलं नव्हतं. तू आपणहून लिहिलंस, आणि बहुधा मी विचारलं नाही म्हणूनच लिहिलंस.

नानायचं म्हणणं तू ऐकलंच होतंस. सहा वर्षांपूर्वी वादळात ताताय गेला आणि तू घरी आलास, त्या दिवशी तिने दारातच सुनावलं होतं: अख्ख्या प्रांताला सावध केलंस, स्वतःच्या बापाचा हात धरून त्याला आत ओढायला तुला उतरता आलं नाही. आणि तू उत्तर न देता वळून गेलास. सहा वर्षं आम्ही धरून चाललो होतो की तुझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मला कळलं की तू पाहत होतास. जुना रडार तोवर फिरत होता. वादळाच्या मधला डोळा, तो काळा गोल, तुला तिबागकडे सरकताना दिसला. तो आपल्या छपरावर आला तेव्हा आमच्याकडे वारा पडला, ऊन आलं, पाखरं आली. मला ते ऊन आठवतंय. तातायने दार उघडलं आणि म्हणाला, संपलं, मी होडी पाहून येतो. तुझ्या पडद्यावर त्या गोलाची दुसरी कड दिसत होती, पहिलीपेक्षा जाड. ती किती वेगाने येतेय तेही तुला कळत होतं. आणि तातायचा स्वभाव ठाऊक होता. तू लिहिलंस: "मला तो दार उघडताना दिसला नाही, पण मला माहीत होतं की तो उघडतोय." फोन मेला होता. रस्ता नव्हता. तू पडद्यावर हात ठेवून त्या गोलाला म्हणालास, थांब. मग ती कड आली, आणि थोड्या वेळाने तुझीही तबकडी उडाली.

मी हे नानायला वाचून दाखवलं. सगळं, एकही शब्द न गाळता. ती नारळ खवत होती. खवणीचा आवाज मध्ये थांबला, आणि पत्र संपेपर्यंत पुन्हा आला नाही.

ती उठली. हात धुतले, बाहेर गेली, समुद्राच्या बाजूच्या बाकावर बसली. मी गेले नाही मागे. बऱ्याच वेळाने आत आली आणि म्हणाली, "तातायला मी सांगितलं होतं, जाऊ नको. मी दारात उभी होते. माझंही ऐकलं नाही त्याने."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिनांगातचं पातेलं चुलीवर चढवलं. गबीच्या पानांच्या पुरचुंड्या, आत कोळंबी, मिरची जरा जास्तच, नारळाच्या दुधात तासन्‌तास शिजवलेल्या. आम्हा दोघींना संपणार नाहीत एवढ्या. डबा बांधून कार्पियोच्या हाती दिला. "कोणाला देऊ?" त्याने मुद्दाम विचारलं. बेरकी आहे तो. नानाय म्हणाली, "वर जो कोणी उपाशी असेल त्याला."

तुला मिळाल्या असतील. ते उत्तर समजू नकोस. पण निरोप नाही असंही समजू नकोस.

झेनी


तिबाग, ९ नोव्हेंबर

मानोय,

हे पत्र तुला लेगास्पीच्या इस्पितळात मिळेल. रडारवर तुझ्यासोबत काम करणाऱ्या मिस बेलेनने कळवलं की तू शुद्धीवर आलास, पाय वाचला, आणि शुद्धीत आल्यावर तू पहिलं विचारलंस, "मला शोधलं कोणी?" ती बिचारी स्वतः जनरेटरच्या खोलीत अडकलेली, तिला कुठलं माहीत असणार. तेव्हा मी सांगते, सगळं, जसं झालं तसं.

ऑक्टोबर संपत आला होता. मृतांच्या दिवसासाठी तातायच्या थडग्याला चुना लावून झाला होता, फुलं सांगून ठेवली होती. मग वादळाची बातमी आली. या वेळी गाव शहाणं होतं, किनाऱ्यावरची घरं आदल्या दिवशीच रिकामी झाली. आम्ही दोघी मागच्या सिमेंटच्या खोलीत गेलो. नानायने तांदूळ घेतले, सांतो निन्योची मूर्ती घेतली आणि काळा डबा घेतला. मी म्हटलं, नानाय, लाइन जाणार, डब्याचं काय करायचंय? तिने तो मला सौर बॅटरीला जोडायला लावला.

सकाळीच वीज गेली, मग तार तुटली. त्या डब्याला आता जगात कुठेच जाता येत नव्हतं. दारावर कोणी येत नव्हतं, परतवून लावायलाही कोणी नव्हतं. तो फक्त ऐकत होता. आणि पाचचा दिवा विझलेला होता.

वारा कसा होता ते तुला काय सांगू. वरचा पत्रा गेला तेव्हा मी नानायला घट्ट धरलं होतं, आणि ती त्या विझलेल्या दिव्याकडे पाहत होती. आयुष्यात मी एवढा धीर देणारा अंधार पाहिलेला नाही. सगळं मोडत होतं, कोसळत होतं, आणि त्या सगळ्याच्या वर, डोंगरावर, तू हाक मारत होतास आणि ऐकत होतास. आमच्या अंगातून जात होतास. मला पहिल्यांदा वाटलं की आपण या खोलीत दोघीच नाही.

मग दुपारी दिवा लागला.

मी पाहिला. नानायनेही पाहिला. "लागला," मी म्हटलं. "विझेल," ती म्हणाली. आम्ही वाट पाहिली. बाहेर वारा तसाच होता. हिरवा दिवा स्थिर जळत होता, इतका स्वच्छ, इतका शांत, की मी त्याच्याकडे पाहू शकेना. जुलैत तो असा जळावा म्हणून मी काय काय नवस केले होते.

नानाय म्हणाली, "तो गप्प झालाय."

वारा उतरायला लागला तशी ती उठली. मी धावत गावच्या कारभाऱ्याकडे, कपितान रोमुलोकडे गेले. आपला मामेभाऊ, पण पट्टा घातला की कोणाचा नाही. तो शाळेत माणसं मोजत होता.

"वर काहीतरी झालंय," मी म्हटलं. "रडार बंद पडलाय, डेल्फिन आत आहे."

"वरची माणसं कालच खाली आणली, झेनी."

"कोणी आणली?"

तो अडखळला. "कार्पियोने आणली असतील."

कार्पियो तिथेच भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली. "मी? मला वाटलं कपितानची जीप गेली."

कोणीच गेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा गेला. तरी रोमुलो म्हणाला, "जोराच्या वाऱ्यात रडार ते मुद्दाम बंद करतात. रस्त्यावर झाडं आडवी पडलीत, अजून पाऊस आहे. घरातल्या एका दिव्यावरून मी माणसं डोंगरावर पाठवू?"

तेवढ्यात नानाय आली. माझा रेनकोट, तातायची गोणपाटाची टोपी, हातात कोयता. भिजून चिंब. एकाच चांगल्या गुडघ्यावर चालत आली होती ती. तिने रोमुलोकडे पाहिलं.

"दिव्यावरून नको पाठवू. माझ्यावरून पाठव. माझा डेल्फिन वर आहे."

मानोय, सहा वर्षांनी मी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं. कार्पियो उठून उभा राहिला. त्याच्यानंतर कोळी उठले, मग आबाकाचा वाख काढणारे मळ्यातले. रोमुलोने पट्टा काढून ठेवला आणि करवत उचलली.

आम्ही झाडं कापत, दरडीवरून रांगत वर गेलो. नानाय झऱ्यापर्यंत आली, तिथे गुडघा संपला. ती पडलेल्या नारळावर बसली आणि म्हणाली, "मी इथे आहे. त्याला याच वाटेने आणा."

वर पोचलो तेव्हा अजून उजेड होता. तुझा तो पांढरा घुमट अंड्याच्या टरफलासारखा फुटून पसरला होता, आणि तबकडी नेच्यांमध्ये उताणी पडली होती, पावसाने भरलेली, आत आभाळ. मी त्या वेळीही क्षणभर थांबले. एवढीशी वस्तू. या वस्तूने शेकडो मैलांवरचे थेंब ऐकले होते.

तुळई तुझ्या पायावर होती. तू गार होतास. डॉक्टर म्हणाले, सकाळची वाट पाहिली असती तर आणण्यात अर्थ नव्हता. मिस बेलेनला दार तोडून काढलं. ती रडत रडत एकच सांगत होती: तू तिला जनरेटरच्या खोलीत ढकललंस आणि स्वतः पडद्यासमोर बसून राहिलास. वादळाने वळण घेतलं ते तुला दिसलं, आणि घुमट जायच्या आधी तू ते उपग्रहाच्या यंत्राने कळवलंस. पूर्व किनाऱ्यावरची चार गावं त्यावर उठून वर गेली. तिथे आता घरं नाहीत, मानोय. माणसं सगळी आहेत. त्यांच्यातले काही परवा आपल्या अंगणात आले होते, खेकडे घेऊन. नुसतेच उभे राहिले.

खाली येताना झऱ्यापाशी नानाय होती. झोळी तिच्याजवळ आली, तिने तुझ्या चांगल्या पायावर हात ठेवला आणि तो शाळेपर्यंत काढला नाही. कार्पियो तिला जवळजवळ उचलूनच आणत होता. ती सगळी वाट तुझ्याशी बोलत होती. तू ऐकत नव्हतास. काय बोलली ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे, आणि तुला हवं असेल तर तिलाच विचार.

पाचचा दिवा अजून जळतोय. रात्रंदिवस. मी त्यावर फडकं टाकलंय, बघवत नाही. नवा घुमट येईल म्हणतात. येईल तेव्हा येईल.

मी छपरामुळे येऊ शकले नाही. नानाय उद्याच्या बोटीने ताबाकोला उतरून तुझ्याकडे येतेय, हे पत्र तिच्याच हाती देतेय, कार्पियोची बायको सोबत आहे. मी तिला म्हटलं होतं, पत्र कशाला, तूच सांग सगळं. ती म्हणाली, "आधी त्याला वाचू दे. मग मी आत जाईन." तेव्हा हे पत्र तुला नर्सने आणून दिलं असेल, आणि नानाय वॉर्डाच्या दाराबाहेर उभी असेल, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, बसायला सांगितलं तरी न बसता. तुझं वाचून होईपर्यंत ती आत येणार नाही. मी तिला ओळखते.

झालं वाचून. आता पत्र खाली ठेव आणि दाराकडे बघ.

झेनी